अर्बुदचिकित्सेतील न विचारलेला प्रश्न

कर्करोगाचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा हातात जाडजूड फाईल घेऊनच. शस्त्रकर्म झालेले असते, किरणोपचार संपत आलेले असतात, केमोथेरपीची काही आवर्तने उरलेली असतात. भूक नाही, तोंडाला चव नाही, झोप नाही, अंगात बळ नाही. तेव्हा ‘जोडीला काहीतरी आयुर्वेदिक’ घ्यावे म्हणून कोणी नातलग त्याला घेऊन आलेला असतो. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अग्नी, कोष्ठ, निद्रा व मलप्रवृत्ती यांविषयी विचारतो, फाईल चाळतो. तंबाखूविषयीही आता बहुतेक जण विचारू लागले आहेत. मद्यपानाविषयी मात्र विचारणारे वैद्य थोडे, आणि विचारून ते केसपेपरवर नोंदविणारे त्याहूनही थोडे, असा आमचा अनुभव आहे. या थोड्यांत आम्ही स्वतः अनेक वर्षे नव्हतो, हे आरंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गालाच्या आतील भागाच्या कर्करोगावर शस्त्रकर्म व किरणोपचार झालेला, पन्नाशीच्या आसपासचा एक शेतकरी आमच्याकडे आला. मुखपाक बराचसा शमला होता. तथापि अरोचक, मंदाग्नी व दौर्बल्य कायम होते. आम्ही इतर कल्पांसमवेत द्राक्षारिष्ट चार-चार चमचे, समभाग पाण्यासह, दोन वेळा भोजनोत्तर लिहून दिले. तंबाखू सोडल्याचे त्याने सांगितले, त्यावर आम्ही समाधान मानले. तीन आठवड्यांनी त्याची पत्नी एकटीच आली. तिने पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर एकेक करून मांडल्या. सात होत्या.

“डॉक्टर, मालकांनी चार महिने थेंब घेतला नव्हता,” ती म्हणाली. “तुमचं औषध सुरू झालं आन् तीन-तीन दिवसांत बाटली संपाया लागली. आता पुन्हा गुत्त्यावर जात्यात.”

आम्हांला उत्तर सुचले नाही. नेमून दिलेल्या मात्रेत ४५० मिलिलिटरची एक बाटली अकरा दिवस पुरावयास हवी होती. वीस वर्षे मद्यपान करून नुकत्याच त्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती आम्ही मद्यांशयुक्त कल्प दिला होता. आणि तो मद्यपी होता हे आम्हांला ठाऊक नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. पुढे तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला व सुधारला, याचे श्रेय सर्वस्वी त्याच्या पत्नीचे आहे. आमच्या वाट्याला आली ती एक शिकवण. तीच आज आपल्या वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधालयांच्या मालकांपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

मद्य आणि कर्करोग : आज निश्चित असलेले ज्ञान

मद्यामुळे यकृत बिघडते हे सर्वश्रुत आहे. मद्यामुळे कर्करोग होतो हे मात्र सुशिक्षित समाजातही पुरेसे पोहोचलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्य पेयांना १९८८ सालीच पहिल्या गटातील, म्हणजे मनुष्यात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत समाविष्ट केले. तंबाखूचा धूर याच गटात मोडतो. मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदभाग, तसेच स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जाहीर केले. अमेरिकेच्या सर्जन जनरलनीही जानेवारी २०२५ मध्ये मद्य व कर्करोग यांविषयी स्वतंत्र सूचनापत्रक काढले.

हे घडते कसे, तेही पाहणे उपयुक्त ठरेल. मद्यातील इथेनॉलचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते. हे द्रव्य पेशीतील जनुकद्रव्याशी जोडले जाऊन त्याची हानी करते. यकृताप्रमाणेच मुखातील जंतूही इथेनॉलपासून ते तयार करतात. त्यामुळे मद्याचा घोट ज्या मार्गाने जातो त्या मार्गावरच त्याचा मारा अधिक होतो. मद्य श्लेष्मकलेची पारगम्यता वाढविते व तंबाखूतील विषारी द्रव्यांना आत शिरण्यास वाट करून देते. म्हणूनच तंबाखू व मद्य एकत्र आले असता मुख व घशाच्या कर्करोगाचा धोका केवळ बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. याखेरीज फोलेटचे शोषण बिघडणे व स्त्रियांत इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढणे हेही मार्ग आहेत. भारतातील पुरुषांत ओठ व मुखाचा कर्करोग प्रथम क्रमांकावर आहे. अशा देशात तंबाखूच्या जोडीला मद्याविषयी न विचारणे म्हणजे निदानाचा अर्धा भाग कोरा ठेवणे होय.

संहितांचा दृष्टिकोन

मद्याचा विचार आपल्या शास्त्राने जितक्या सूक्ष्मपणे केला आहे तितका फार थोड्या प्राचीन वैद्यकांत आढळेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय संपूर्णपणे मदात्ययाला वाहिलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्ययप्रतिषेधाचा स्वतंत्र अध्याय आहे. चरकाचार्यांनी मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुकारी, रूक्ष, विकाशी व विशद हे दहा गुण सांगून ते ओजाच्या गुरू, शीत, मृदू, श्लक्ष्ण, बहल, मधुर, स्थिर, प्रसन्न, पिच्छिल व स्निग्ध या दहा गुणांच्या विरुद्ध कसे उभे राहतात ते दाखविले आहे. सूत्रस्थानात रक्तदुष्टीची कारणे सांगताना बिघडलेल्या, अतिमात्र, तीक्ष्ण व उष्ण मद्याला त्यांनी अग्रस्थान दिले आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. अर्बुदाचे वर्णन करताना सुश्रुताचार्यांनी प्रहार, मांसाहाराचा अतिरेक आदी हेतू सांगितले आहेत. मद्याचा तेथे स्वतंत्र निर्देश नाही. तेव्हा ‘मद्याने कर्करोग होतो हे आपल्या ऋषींना ठाऊकच होते’ अशी शेखी मिरविण्याचे कारण नाही. पण ओजक्षय व रक्तदुष्टी ही जोडी आपल्याला पुरेशी वाट दाखविते. किरणोपचार व केमोथेरपी यांनी ज्याचे बल, मांस व रक्त आधीच क्षीण झाले आहे त्याला ओजाच्या विपरीत गुणांचे द्रव्य द्यावे काय, हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

विधिपूर्वक घेतलेले मद्य अमृतासमान असे संहितेत म्हटलेले आहे, असा आक्षेप काही मित्र घेतात. ते खरे आहे. परंतु तो विधी कोणासाठी आहे? देह सुदृढ, आहार स्निग्ध, मन प्रसन्न, ऋतू अनुकूल आणि मात्रेवर ताबा, अशा पुरुषासाठी. किरणोपचारांनी तोंड सोलवटलेला, अन्न गिळू न शकणारा, मात्रेवरचा ताबा केव्हाच गमावून बसलेला रुग्ण त्या वर्णनात बसत नाही. अटी वगळून फलश्रुती तेवढी सांगणे हा संहितेवर अन्याय आहे.

आपल्याच कपाटातील मद्य

आता जरा अवघड भागाकडे वळू. आसव-अरिष्टे ही आपल्या भैषज्यकल्पनेची मोठी देणगी आहे. संधानक्रियेने त्यांत मद्यांश आपोआप निर्माण होतो, त्यामुळे ती टिकतात, लवकर शोषली जातात व अग्निदीपन करतात. त्यांतील मद्यांश सामान्यतः ५ ते १० टक्के व काही कल्पांत १२ टक्क्यांपर्यंत असतो. ८ टक्के मद्यांश धरून हिशेब मांडू. दिवसाच्या ४० मिलिलिटर मात्रेतून सुमारे अडीच ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. व्हिस्की-रमच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगात ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे योग्य मात्रेतील अरिष्ट एका लहान पेगाच्या चतुर्थांशाएवढे भरते. ज्याला मद्याची ओढ नाही अशा रुग्णास काही आठवडे दिलेल्या या मात्रेचा बाऊ करण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे.

मात्र ४५० मिलिलिटरच्या संपूर्ण बाटलीत हेच प्रमाण सुमारे २८ ग्रॅम होते, आणि बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या साध्या बाटलीतही ते साधारण तितकेच असते. आमच्या त्या रुग्णाने सात बाटल्या तीन आठवड्यांत संपविल्या. म्हणजे रोजचा एक लहान पेग तो आमच्या चिठ्ठीच्या आधारे घेत होता. मात्रा चमच्याने मोजणाऱ्यासाठी अरिष्ट हे औषध आहे. बाटली तोंडाला लावणाऱ्यासाठी ते मद्यच आहे. आणि मद्याची ओढ असलेल्या माणसात ही ओढ पुन्हा जागी होण्यास पूर्ण बाटलीही लागत नाही, वास व पहिला घोट पुरेसा होतो.

चार प्रकारच्या रुग्णांत मात्र अल्प मात्राही टाळावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

पहिला, मद्यासक्त किंवा नुकतेच मद्य सोडलेला रुग्ण. त्याविषयी वर लिहिले आहेच.

दुसरा, यकृताचा रुग्ण. येथे आपली सवय सर्वांत घातक ठरते. यकृतोदर म्हटले की कुमार्यासव, रोहितकारिष्ट, पुनर्नवासव ही नावे लेखणीतून आपसूक उतरतात. परंतु ज्याचे यकृत मद्यानेच निबर झाले आहे व त्यात आता कर्करोगाची गाठ वाढते आहे, त्याला यकृतासाठी म्हणून पुन्हा मद्यांशच देणे यात कोणते निदानपरिवर्जन साधले? निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवितो.

तिसरा, किरणोपचारांमुळे मुखपाक झालेला रुग्ण. व्रणित श्लेष्मकलेवर अम्ल, तीक्ष्ण व मद्यांशयुक्त द्रव दाहच करणार.

चौथा, काही विशिष्ट औषधे घेणारा रुग्ण. मद्य सोडविण्यासाठी डायसल्फिराम दिले जाते. ते सुरू असताना मद्यांश पोटात गेल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणे असे गंभीर उपद्रव होतात, आणि शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. कित्येक घरांत हे औषध रुग्णाच्या नकळत अन्नातून दिले जाते. म्हणून रुग्णाबरोबर नातलगांनाही विचारावे लागते. काही लसिकाग्रंथींच्या व मेंदूच्या कर्करोगात वापरले जाणारे प्रोकार्बाझिन मद्याबरोबर अशीच प्रतिक्रिया देऊ शकते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यात मद्यामुळे यकृताच्या हानीचा धोका वाढतो. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांबरोबर मद्य घेतल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते.

यावर ‘ॲलोपथीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या इंजेक्शनातही अल्कोहोल असते, त्याचे काय?’ असे विचारले जाते. असते, हे खरे. पण ते मोजून, रुग्णालयात, देखरेखीखाली दिले जाते. त्याची बाटली रुग्णाच्या फडताळात ठेवली जात नाही.

या कल्पांना पर्याय आपल्याच शास्त्रात आहेत. दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ, कुटजारिष्टाऐवजी कुटजघनवटी, पुनर्नवासवाऐवजी पुनर्नवाष्टक क्वाथ देता येतो. यकृतरोगात भूम्यामलकी व फलत्रिकादि क्वाथ यांचा विचार व्हावा. मद्यविकारासाठी सांगितलेला खर्जूर, द्राक्षा, दाडिम, आमलकी आदींचा खर्जूरादि मंथ हा मद्यांशरहित व तर्पण करणारा आहे. मधुमेह नसल्यास कृश रुग्णांत तो उपयोगी पडतो. क्वाथ करण्याचा कंटाळा रुग्णाला येतो, ही अडचण खरी आहे. पण ती सोयीची अडचण आहे, शास्त्राची नव्हे. कोणताही पर्याय देताना तो कर्करोगतज्ज्ञांस कळविणे व त्यांची चिकित्सा अखंड चालू ठेवणे, हे गृहीत धरूनच आम्ही हे लिहीत आहोत.

एकदम सोडा, असे सांगण्यापूर्वी

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत व निमशहरी भागांत आपला वैद्य हाच पुष्कळ घरांचा कुटुंबवैद्य असतो. शहरातील मोठ्या रुग्णालयात जी गोष्ट रुग्ण लपवितो ती तो आपल्यापाशी बोलू शकतो. या विश्वासाचे मोल कर्करोगचिकित्सेत किती आहे, ते पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल.

रोज एक ‘क्वार्टर’, म्हणजे १८० मिलिलिटर पिणाऱ्याच्या शरीरात रोज साठ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाते. असा माणूस मुखाच्या शस्त्रकर्मासाठी दाखल होतो. त्याने मद्याचे सांगितलेले नसते. फॉर्मवर ‘व्यसन : तंबाखू’ एवढेच लिहिलेले असते. मद्य अचानक बंद झाल्यापासून काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत आक्षेप येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना प्रलाप होतो. नाकातून घातलेली नळी तो उपसतो, टाके ओढतो, पलंगावरून उतरू पाहतो. हा शस्त्रकर्माचा उपद्रव आहे की मेंदूतील बिघाड, हे शोधण्यात बहुमोल वेळ जातो. आधी माहिती असती तर योग्य औषधे व थायामिन वेळीच देऊन हे बहुतांशी टाळता आले असते. मद्याच्या प्रलापाने माणूस दगावू शकतो, हेही विसरू नये.

म्हणून दीर्घकाळ व भरपूर पिणाऱ्यास ‘आजपासून बंद’ असे दरडावून घरी धाडणे धोक्याचे आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सवयीचे झालेले अहितकर द्रव्य पादांशाने, क्रमाक्रमाने सोडण्याचा उपदेश केला आहे. मद्य थांबवून पुन्हा अतिप्रमाणात पिणाऱ्यास होणारे ध्वंसक व विक्षय हे विकारही त्यांनी वर्णिले आहेत. मद्य सोडणे हा स्वतंत्र चिकित्सेचा विषय आहे, हे भान त्यात आहे. मात्र पादांशक्रमाचे नाव घेऊन घरच्या घरी आसवाच्या उतरत्या मात्रा देत बसणे आम्हांस मान्य नाही. अशा रुग्णास मानसरोगतज्ज्ञाकडे वा रुग्णालयात पाठवावे, आणि आपली चिकित्सा त्यास पूरक ठेवावी.

मद्य सोडल्याचा लाभ आता उशीर झाला असता होतो काय, असे नातलग विचारतात. होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०२३ साली असा निष्कर्ष काढला की, मद्य कमी केल्याने वा सोडल्याने मुख व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका घटतो. रोग झाल्यावरही मद्य सुरू ठेवणाऱ्यांत व्रणरोपण मंदावते, किरणोपचारांचे उपद्रव वाढतात आणि मुख-घशाच्या मार्गात दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याची शक्यता अधिक असते. शस्त्रकर्मापूर्वी काही आठवडे मद्य थांबविल्यास उपद्रव कमी होतात. एवढे सांगण्यासारखे हाती असताना आपण गप्प का राहावे?

विचारावे कसे

गप्प राहण्याचे कारण संकोच हे आहे. मरणाच्या छायेत असलेल्या माणसाला दारूचे काय विचारायचे, असे आपल्याला वाटते. रुग्णाला वाटते, सांगितले तर ‘स्वतःच्या कर्माने ओढवून घेतले’ असे म्हणतील. या दोन संकोचांमध्ये सत्य दबून राहते. कॅनडातील एडमंटन येथे वेदनाग्रस्त कर्करुग्णांची पद्धतशीर विचारपूस करून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच आढळले की, ज्यांना मद्याचे व्यसन होते त्यांतील बहुतेकांच्या आधीच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेखच नव्हता.

प्रश्न विचारण्याची एक साधी रीत १९८४ सालापासून जगभर वापरात आहे. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? पिण्यावरून कोणी बोलल्यास चीड येते का? पिण्याबद्दल मनाला अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? यांपैकी दोन वा अधिक प्रश्नांस होकार आल्यास व्यसनाची दाट शंका घ्यावी. आमच्या अनुभवाने यात थोडी भर घालतो. ‘मद्यपान करता का?’ या पुस्तकी प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘देशी, हातभट्टी, बिअर यांपैकी काय घेत होता? आठवड्यातून किती दिवस? एका वेळी किती?’ असे सहज स्वरात, भूक-झोपेच्या प्रश्नांच्या ओघातच विचारावे. शक्य तर रुग्णास एकट्यास विचारावे व नंतर पत्नीस वा मुलास वेगळे विचारावे. स्त्रियांनाही विचारावे, स्तनाच्या कर्करोगात अल्प मद्यपानाचाही संबंध आहे, आणि ‘बायका कशाला पितील’ ही आपली समजूत प्रत्येक वस्तीत खरी ठरत नाही. उत्तर ऐकून चेहऱ्यावर आश्चर्य वा तिरस्कार येऊ देऊ नये. ज्याला रोगाने आधीच शिक्षा दिली आहे त्याला वैद्याने पुन्हा शिक्षा देऊ नये.

औषधालयांच्या मालकांना विनंती

आमच्या त्या रुग्णाने सात बाटल्या घेतल्या, त्यांपैकी चिठ्ठीवर एकच होती. उरलेल्या सहा कोणीतरी गल्ल्यापलीकडून दिल्याच. त्या दुकानदारास आम्ही दोष देत नाही. आमची चूक आधीची आहे. पण आसव-अरिष्टे ही कायद्याने औषधे आहेत, म्हणूनच ती मद्याच्या दुकानांतून न विकता आपल्या दुकानांतून विकली जातात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील मद्यांशयुक्त औषधांवर निर्बंध घालणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ खटल्यात अवैध ठरविल्या. औषध हे औषध म्हणून विकले जाईल या विश्वासावर ती मोकळीक उभी आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस दारूबंदी असलेल्या गुजरातमधील खेडा जिल्ह्यात आसवाच्या नावाने विकले गेलेले सरबत पिऊन काही लोक मृत्युमुखी पडले. त्यात मिथाइल अल्कोहोल असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या बाटलीत आपले शास्त्र नव्हते, पण लेबलावर आपल्या शास्त्राचे नाव होते. विश्वास उडतो तो नावावरचा.

तेव्हा एकच ग्राहक आठवड्यात दुसऱ्यांदा तीच बाटली मागू लागला तर ‘कोणासाठी, किती मात्रेत?’ एवढे विचारावे व शंका आल्यास चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्यास दूरध्वनी करावा. खरेदी परवानाधारक उत्पादकाकडूनच व बिलासहच करावी. एका गिऱ्हाइकाची विक्री बुडेल. दुकानाची पत राहील.

आमच्या सूचना

१. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर मद्यपानाचा प्रकार, प्रमाण, कालावधी व शेवटचे सेवन केव्हा, यांची नोंद असावी. संघटनेने छापील केसपेपरमध्ये तसा रकाना घालावा.

२. ही नोंद रुग्णाच्या संमतीने शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ यांस लेखी कळवावी.

३. वर सांगितलेल्या चार प्रकारच्या रुग्णांत आसव-अरिष्टे न देता क्वाथ, वटी वा चूर्ण यांची योजना करावी. इतरांना देतानाही मात्रा, कालावधी व बाटल्यांची संख्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी.

४. व्यसन आढळल्यास उपदेशावर न थांबता पुढची वाट दाखवावी. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क साहाय्य क्रमांक आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक गावी भरतात. आपल्या परिसरातील केंद्राचा पत्ता टेबलावर लिहून ठेवावा.

५. संघटनेच्या पुढील वार्षिक संमेलनात मदात्यय व अर्बुद या विषयावर एक सत्र व्हावे, व त्यास मानसरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनाही निमंत्रित करावे.

या सूचनांपैकी एकीलाही पैसे लागत नाहीत. लागतात ती दोन मिनिटे आणि थोडे धैर्य. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही परीक्षेची तीन साधने आपल्या परंपरेने दिली. त्यांतील तिसरे आपण अर्धवट वापरीत आहोत, असे आम्हांस वाटते. त्या बाईने टेबलावर मांडलेल्या सात बाटल्यांपैकी एक आम्ही ठेवून घेतली. ती आमच्या चिकित्सालयात लेखणीशेजारी उभी आहे. अरिष्ट लिहिण्यासाठी हात पुढे होतो तेव्हा ती आड येते, आणि आम्ही रुग्णाला आधी तो प्रश्न विचारतो. वाचकांनीही तो विचारावा, एवढीच नम्र विनंती.